खाऱ्या पाण्याचा कूलर

होळी झाली की अमरावतीत गच्च्यांवरून कूलर खाली उतरतात. वर्षभर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेले ते पत्र्याचे अवजड डबे दोघं-तिघं मिळून जिन्यावरून आणतात, अंगणात नळी लावून धुतात, आत बिऱ्हाड केलेल्या पालीला हुसकावतात. रस्त्याच्या कडेला कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या विकणारे येऊन बसतात. नवी ताटी पहिल्यांदा भिजली की जो वास सुटतो, तो आमच्याकडचा उन्हाळ्याचा वास. दुसरीकडे लोकांना उन्हाळा आंब्यावरून कळत असेल. आम्हाला तो ओल्या वाळ्यावरून कळतो.

परवा शेजारच्यांनी त्यांचा कूलर सुरू केला आणि तो वास माझ्या खिडकीतून आत आला. मी भाजी चिरत होते. सुरी तशीच हातात राहिली. मला शाळेचा एक पत्र्याचा वर्ग दिसायला लागला, जमिनीवर मांडलेला तेलाचा पिपा, त्याच्याभोवती उकिडवी बसलेली सातवीची पोरं, आणि सगळ्यांत पुढे, दोन्ही वेण्या मानेमागे गाठ मारून अडकवलेली प्रणाली.

आयुष्यभर मी अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. म्हणजे फळ्यावर शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला, गावंडे. तो दर्यापूरच्या पुढे, अकोल्याच्या बाजूला, एका गावात शिक्षक होता. म्हणाला, "मॅडम, माह्या पोरांले हातानं काही करू द्या ना. पुस्तकातलं पाठ करते अन् परीक्षा झाली का भुलून जाते." त्याच्या तोंडून माझ्याच शिकवण्याची तक्रार ऐकल्यासारखं वाटलं मला. त्या वर्षी हिवाळ्यापासून मी आठवड्यातून दोनदा सकाळच्या बसनं तिथे जायला लागले. कधी आरशाच्या तुकड्यांचा पेरिस्कोप, कधी सायकलच्या रिमची कप्पी, कधी बांबूच्या कामट्यांचा पूल. पोरांचे हात भराभर चालत. घरी कुऱ्हाड, विळा, पाना हाताळलेली पोरं ती. मला खिळा ठोकता येत नाही हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं आणि त्यानंतर त्यांनी मला हातोडी दिली नाही.

ते गाव खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, भेगाळणारी, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. कापूस, तूर, हरभरा सगळं पिकतं. पण विहिरीला हात घाला, पाणी खारट. बोअरचं त्याहून खारट. जनावरंही नाइलाज म्हणून पितात. प्यायचं पाणी, ज्याला तिथे सगळे 'गोडं पाणी' म्हणतात, ते लांबच्या धरणातून पाइपानं येतं, आणि कधी येईल ते पाइपालाच ठाऊक. प्रत्येक घराच्या दारात निळे ड्रम उभे असतात. त्यांच्यावर झाकण, झाकणावर दगड. पहिल्यांदा मला वाटलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवतात. नंतर कळलं, तो पाण्यावरचा पहारा आहे.

मार्च लागताच वर्ग तापायला लागला. शाळा सकाळची झाली होती, तरी दहा वाजले की पत्रा तडतडायचा. तेव्हा मी दोन थर्मामीटर घेऊन गेले. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरा कोरडा ठेवला. दोन्ही खिडकीच्या गजाला टांगले. ओल्या थर्मामीटरचा पारा घसरायला लागला आणि घसरतच राहिला. पोरं आधी हसली, मग जवळ सरकली.

"थर्मामीटर बिगडला असन," कोणीतरी म्हणालं.

प्रणाली उठली. तिनं ओलं फडकं सोडून दुसऱ्या थर्मामीटरला गुंडाळलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं दुसऱ्याचा पारा उतरला. ती वळली. "बिगडला नाई. फडक्याचंच काम हाय."

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. शंका आली तर वस्तूंची अदलाबदल करून बघायची, ही गोष्ट मी कॉलेजच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या तासांना वर्षानुवर्षं सांगत आले, आणि ते मान डोलवत आले.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. "मॅडम, पाणी उडून जाते तं जातानी गर्मी घेऊन जाते काय?"

"हो."

"कोणाची?"

"जे जवळ असेल त्याची. फडक्याची, काचेची, हवेची."

"म्हंजे फुकट नाई जात थे."

"नाही. फुकट जात नाही."

तिनं हे मनात कुठेतरी नीट ठेवलेलं मला दिसलं. चेहऱ्यावर तसं दिसतं.

कूलर बनवायचं मी सुचवलं नव्हतं. ते वर्गातून आलं, तेजस नावाच्या मुलाकडून. त्याच्या घरी बॅटरीवरचा फवारणीचा पंप होता; फवारणीचे दिवस संपले होते आणि पंप रिकामा पडला होता. पंपाची बॅटरीही झाली आणि पाणी वर चढवायला मोटरही झाली. पिपा गावंडे सरांनी आणला, बारा व्होल्टचा पंखा भंगारातून मिळाला. ताटीसाठी पोरांनी आधी बारदाना लावला. त्यातून वाराच येईना. मग मोडक्या खाटेचा काथ्या पिंजून लावला. वारा आला पण पाणी टिकेना. दर वेळी थर्मामीटर पिप्याच्या तोंडाशी धरून वाचायचं, फळ्यावर लिहायचं, भांडायचं. शेवटी मी अमरावतीहून वाळा नेला. पत्रा कापताना एकाचं बोट कापलं, तर त्यानं रक्त शर्टाला पुसून "काई नाई होत, बाप्पा" म्हणत काम पुढे चालू ठेवलं. गावंडे सर वऱ्हांड्यात उभे राहून बघत. मला म्हणाले, "एवढे शांत हे पोट्टे कधीच नसते, मॅडम."

ज्या दिवशी तो पहिल्यांदा चालला, तो दिवस माझ्या अंगावर अजून आहे. पंख्याची घरघर, वरच्या छिद्रांच्या नळीतून झिरपणारं पाणी, वाळ्याचा वास. पोरांनी ओळीनं येऊन तोंड पुढे केलं. प्रत्येकानं डोळे मिटले. प्रणालीच्या कपाळावरचे बारीक केस उडाले आणि ती न हसता म्हणाली, "चालते." जणू तिला खात्री होतीच, फक्त नोंद करायची होती.

त्यात बोअरचं पाणी घातलं होतं. दुसरं होतं कुठे?

पाणी उडून जातं. मीठ उडून जात नाही. हे मला माहीत असायला हवं होतं असं कोणी म्हणेल, आणि मला माहीतही होतं. फक्त ते इतक्या लवकर समोर येईल असं वाटलं नव्हतं. थोड्याच दिवसांत ताटी पांढरी पडली, मग पापडासारखी कडक झाली. नळीची छिद्रं बुजली. पंखा फिरायचा आणि गरम वारा फेकायचा. पोरांना मी मिठाचे खडे दाखवले, जिभेवर ठेवून बघायला सांगितलं. धडा म्हणून तो फार चांगला होता. पण त्यांना धडा नको होता, गार वारा हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून पोरं घरून बाटल्यांतून गोडं पाणी आणायला लागली. मी सांगितलं नव्हतं. ताटी धुतली, छिद्रं सुईनं मोकळी केली, वर्ग पुन्हा गार झाला. मग एका सकाळी तेजसची आई शाळेच्या फाटकाशी आली. पदर डोक्यावरून घेतलेला, आवाज हळू.

"मॅडम, तुमचं शिकवनं चांगलं हाय, मी नाई म्हनत नाई. पन पोट्टं घरचं गोडं पाणी शाळेत नेते अन् डब्यात ओतते. नळ कवा येईन त्याचा काई नेम नाई. आमी स्वयंपाक कायनं कराचा?"

ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती विचारायला आली होती. मी हात जोडले.

वर्गात जाऊन मी हे सगळं पोरांसमोर ठेवलं. मग प्रणाली म्हणाली, "मॅडम, पाणी आपण प्याचं का हवेले पाजाचं?" पोरं हसली. हसता हसता थांबली. तेजसनं उठून पंपाची वायर काढली.

पुस्तकातल्या प्रयोगांत लिहिलेलं असतं, एका भांड्यात पुरेसं पाणी घ्या. मी जन्मभर हे वाक्य वाचून दाखवलं आहे. घर्षण नाही असं समजा, दोरीला वजन नाही असं समजा. अमरावतीत, पंख्याखाली, नळ उघडला की पाणी येणाऱ्या प्रयोगशाळेत असं समजायला सोपं जातं. त्या वर्गात काहीच सोडून देता येत नव्हतं. प्रत्येक गोष्टीला वजन होतं.

कूलर कोपऱ्यात उभा राहिला. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो; पण ऊन वाढलं तसं हात मंदावले. गावात दुपारी कुत्रंही दिसायचं नाही. दर्यापूरच्या स्टँडवर बसची वाट बघताना डोळ्यांतलं पाणीसुद्धा सुकून गेल्यासारखं वाटायचं.

एप्रिलच्या मध्यात प्रणाली शाळा सुटल्यावर मागे थांबली. "मॅडम, कूलर तं बंदच हाय ना? आमच्या घरी नेऊ काय?"

तिची आई रेखाताई नुकतीच बाळंत झाली होती. मुलगा झाला होता, वजनानं कमी. घर गावाच्या टोकाला, चारी बाजूंनी पत्रा. वडील, सुधाकरभाऊ, हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला असत. उन्हाळ्यात जिनिंग बंद, मिळेल ते काम. "लेकरू दिवसभर रडते," प्रणाली म्हणाली. "अंगावर पुरळ आलं हाय. आई त्याले ओलं फडकं लावते. मी म्हटलं, फडक्यापेक्षा हे बरं."

गावंडे सरांनी पिपा मोटारसायकलवर बांधला. मी मागून चालत गेले. रेखाताई दारात उभी राहून म्हणाली, "या मॅडम," आणि बसायला खाट पुढे केली. तिचं वय तिशीच्या फार पुढे नसेल. झोळीतलं बाळ लाल झालं होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

कूलर दारात ठेवला. सुरू केला. पहिला वारा बरा आला, मग खोलीत दमट झालं, घाम चिकटायला लागला. प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. "हवेले बाहेर जायाले जागा नाई," ती म्हणाली, मी काही बोलायच्या आत. सुधाकरभाऊंनी छन्नी घेतली आणि मागच्या पत्र्याला वर एक चौकोन पाडला. वारा दारातून आत आला, झोळीवरून गेला, चौकोनातून बाहेर. बाळाचं रडणं हळूहळू उतरलं. मग ते झोपलं. रेखाताई त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, इतकी वर्षं जे शिकवलं त्याचा आज उपयोग झाला. घरी परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

ती खुशी किती पुरेल हे पाण्यावर होतं.

प्रणाली भल्या पहाटे नळावर नंबर लावायला लागली. रात्रभर बॅटरी चार्जिंगला, सकाळी पाणी, दुपारी बाळ. परीक्षा सुरू झाली होती. आमच्याकडे ती आता भर एप्रिलात असते. सुरुवातीच्या पेपरांना ती आली, डोळे लाल, केस न विंचरलेले. मग आली नाही. मी गावंडे सरांना विचारलं. ते म्हणाले, "नळाले पाणी आलं नाई, मॅडम. पाइप कुठीतरी फुटला म्हनते. लोक लांबून टँकरनं पाणी आणून रायले." मी म्हटलं, आपण काही पाणी पाठवू शकतो का? ते म्हणाले, "एका घराले पाठवाचं अन् बाकीच्यायले नाई?" त्या गावातलं एकही घर असं नव्हतं की ज्याच्या दारावरून पाण्याची कॅन दुसरीकडे नेता आली असती.

गावंडे सरांचा फोन आला तेव्हा ऊन अगदी डोक्यावर होतं. बाळ दूध ओढत नव्हतं, अंग भाजत होतं. गावातल्या जीपनं त्याला अकोल्याला नेलं होतं. मी मिळेल ती बस पकडली. मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडासारखा होता. खिडकी लावली तर गुदमरायला व्हायचं, उघडली तर डोळे जळायचे. मी ती सारखी लावत आणि उघडत होते, जणू त्यानं पुढे काही बदलणार होतं.

दवाखान्यात बाळाच्या इवल्या हाताला सलाईन लावलेलं होतं. डॉक्टर तरुण होत्या, थकलेल्या. म्हणाल्या, "वेळेत आणलं. वाचेल. पण याला थंड जागेत ठेवा." रेखाताईनं मान हलवली. थंड जागा कुठे असते ते तिनं विचारलं नाही.

प्रणाली खाटेशेजारी फरशीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"नळ आलाच नाई, मॅडम. मंग म्या खारंच टाकत गेली. मले मालूम होतं मीठ जमते म्हनून. सुईनं साफ करत होती रोज. काल छिद्रं बंद झाले अन् उघडलेच नाई."

"तुझी चूक नाही ती."

"मालूम होतं तरी टाकलं ना."

"दुसरं काय टाकलं असतंस?"

तिनं विचार केला. खरोखर विचार केला, वर्गात करायची तसा, काहीतरी तिसरं असेल म्हणून. मग म्हणाली, "काई नाई," आणि गुडघ्यात तोंड घातलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला सगळं सांगता येत होतं, पाण्याचा एक थेंब उडताना किती उष्णता नेतो, मीठ का राहतं, पत्रा का तापतो. तिला जे हवं होतं ते यांतलं काहीच नव्हतं. तिला एवढंच ऐकायचं होतं की पुढच्या वेळी हे असं होणार नाही. ते मी सांगू शकले नाही.

बाळ बरं झालं. हे आधी सांगते, कारण ही गोष्ट मी कोणालाही सांगितली की लोक तेच विचारतात.

मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा भांडी पोत्यात भरली जात होती. सुधाकरभाऊंचा साळा पुण्याकडे बांधकामावर होता. तिथे काम होतं, राहायला शेड होती, आणि पाणी होतं. मी म्हणाले, प्रणालीला माझ्याकडे ठेवा, अमरावतीत. शाळा चांगली आहे, घरात मी एकटीच. सुधाकरभाऊ पोत्याचं तोंड शिवत होते. हात थांबवून म्हणाले, "तुमी म्हनता थे चांगलंच हाय. पन आमी दोघं कामावर जाऊ तं लेकरू कोन धरीन?"

"एक वर्ष थांबा मग. पुढच्या उन्हाळ्याच्या आधी आपण काहीतरी करू. चांगला कूलर घेऊ."

"उन्हाळा तं दरवर्षी येते, मॅडम," ते म्हणाले. रागानं नाही. "याले मी कुठी कुठी लपवत फिरू?"

प्रणाली बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. मला वाटत होतं ती म्हणेल, मले शिकाचं हाय. मग मीही जोर केला असता. तिनं फक्त बाळाच्या डोळ्यांवर येणारं ऊन हातानं अडवलं आणि ती थोडी बाजूला सरकली.

पिपा गावंडे सर परत शाळेत घेऊन आले. वऱ्हांड्यात ठेवला. पावसाळ्यापर्यंत मिठानं त्याचा तळ खाऊन टाकला होता. उचलला तर खालचा पत्रा हातात आला. सर म्हणाले, "दुसरा बनवू." मी हो म्हणाले. आम्ही तो बनवला नाही.

मी अजूनही जाते त्या शाळेत. नवी सातवी आहे. मागच्या आठवड्यात आम्ही बादलीत लाकडाचे तुकडे सोडून तरंगणं शिकलो, म्हणजे खाऱ्या पाण्यात, आणि पोरांना त्यात फार मजा आली, कारण त्यात तुकडे जास्त वर राहतात. प्रत्येक वर्गात एखादा चेहरा असतो, जो कळल्यावर हसत नाही, गंभीर होतो. पूर्वी तसा चेहरा दिसला की मला आनंद व्हायचा. आता आनंदाबरोबर भीतीही वाटते. या मुलीला मी काय देते आहे, आणि ते घेऊन ती कुठे जाणार आहे, हे मला ठाऊक नसतं. मी थांबतही नाही. थांबून काय करू?

रविवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी प्रणाली."

आवाज जड झाला होता, मोठा. मी खुर्चीत बसले. बाळ कसं आहे विचारलं. "पयते आता. पकडाले लागते त्याले." शाळा? "साइटवर एक ताई येते शिकवाले. कधी कधी." मग तोच सूर, मधली वर्षं जशी कधी झालीच नव्हती. "मॅडम, एक विचारू? इथं बिल्डिंगमदी नवी लिफ्ट लावून रायले. तिच्या मांगं लोखंडाचं मोठं वजन हाय. लिफ्ट वर गेली का थे खाली येते. एवढं वजन उगाच कावून बांधलं? मोटरले जास्त जड नाई जात?"

मी सांगायला लागले. "बघ, कप्पीवरून दोरी गेली आहे असं समज. एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला ते वजन. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. त्यामुळे मोटरीला सगळं ओझं उचलावं लागत नाही, फक्त..."

मागून रेखाताईचा आवाज आला. "प्रणाली, बाबा निंगाले, फोन दे त्यायले. अन् लेकरू पाह्य कुठी गेलं."

"बस मॅडम, मंग बोलू," ती घाईनं म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी लगेच परत लावला. लागला नाही. संध्याकाळी लावला, तेव्हाही नाही. खिडकीबाहेर ऊन कलत होतं. अर्धं वाक्य अजून तोंडातच होतं.

"फरकाचं," मी त्या बंद फोनला म्हणाले. "दोन बाजूंत जेवढा फरक असतो ना, तेवढ्याच वजनाचं."